गृहीत धरलं जातंय? आधी नोंदवही उघडा

नोकरीला सहा वर्षं झाली होती. बिलांच्या नव्या सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला आमच्या विभागातून कुणाला पाठवायचं, यावर बैठक चालली होती. कुणीतरी माझं नाव सुचवलं. साहेब हसून म्हणाले, "अहो, त्यांना कशाला त्रास देताय? त्यांचं आपलं बिलांचं काम छान चाललंय." वाक्यात एकही वाईट शब्द नव्हता. उलट 'छान' होता. त्या 'छान'नेच मला सहा वर्षं एका खुर्चीत बसवून ठेवलंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग बहुतेक जण करतात तेच मी केलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या साहेबांना एकाहून एक चोख उत्तरं दिली आणि सकाळी ती सगळी गिळून टाकली. त्यानंतर तीन महिने 'दाखवूनच देते' म्हणत उशिरापर्यंत थांबून दुप्पट काम केलं. परिणाम एवढाच झाला की माझ्या टेबलावर दुप्पट बिलं यायला लागली.

कुणी कमी लेखलं की आपण एक तर त्याचं मत मुकाट्याने खरं मानतो, नाहीतर ते खोटं ठरवायला जिवाचं रान करतो. दोन्हीकडे आपल्या किमतीचा हिशेब समोरच्याच्याच वहीत राहतो. तो आपल्या वहीत कसा आणायचा, हे मला हळूहळू आणि बरीच ठेच खाऊन कळलं. आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी देण्याचे सल्ले तुम्हीही वाचले असतील. मी ते करून पाहिले. आरसा स्वच्छ राहिला, एवढा फायदा झाला.

पहिली पायरी: पंचनामा

सुरुवातीचे दोन आठवडे काहीही सुधारायला जाऊ नका. फक्त लिहा. काय घडलं, कुणी काय म्हटलं, कुठे, कुणासमोर. शब्द जमेल तितके जसेच्या तसे. 'मला इथे कुणी किंमत देत नाही' हा निष्कर्ष झाला. 'मंगळवारच्या बैठकीत थकबाकीचा मुद्दा मांडताना मला दोनदा तोडलं. दहा मिनिटांनी तोच मुद्दा शेजारच्याने मांडला तेव्हा त्यावर चर्चा झाली' हा पंचनामा. त्यात विशेषणं नकोत. विशेषण आलं की आपण पंच राहत नाही, फिर्यादी होतो.

दोन आठवड्यांनी ही पानं एका बैठकीत वाचून काढा. काही नोंदी वाचताना हसू येईल, त्या दिवशी आपलंच डोकं दुखत होतं हे आठवेल. काही ठिकाणी दिसेल की तो माणूस सगळ्यांशीच तसा वागतो. उरलेल्या नोंदी मात्र खऱ्या असतात. त्या कुणाच्या नावावर जमा आहेत ते पाहिलं की कमी लेखणाऱ्यांचे प्रकार लक्षात येतात.

काहींना तुमचं काम माहीतच नसतं. हे सगळ्यात निरुपद्रवी, आणि संख्येनेही बहुधा हेच जास्त. काही जण तुमच्या जुन्या चित्रात अडकलेले असतात. तुम्ही शिकाऊ म्हणून आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात तुम्ही अजून तिथेच आहात. पिकतं तिथे विकत नाही, ते यामुळेच. त्याच कार्यालयात मोठं झालेल्या माणसापेक्षा बाहेरून आलेला नवा माणूस जास्त हुशार वाटतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवलं होतं की वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या लोकांचे वेगवेगळे गुण वेगवेगळे मोजू शकत नाहीत. अंगकाठी, बुद्धी, नेतृत्व असे रकाने निराळे असले तरी मनातली एकच छाप सगळ्या रकान्यांत उतरते. तुमच्याबद्दलची छाप 'सालस, बिनतक्रार' अशी असेल तर 'निर्णयक्षमता' या रकान्यातही ती सालसपणाच भरते.

तिसरा प्रकार पूर्वग्रहाचा. वय, लिंग, जात, भाषा, उच्चार, शिक्षण कुठे झालं, यातलं काहीही त्याला पुरतं. आणि चौथा प्रकार सोयीचा, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तुम्ही किती करता हे या माणसांना नीट माहीत असतं. तुम्ही आहात तिथेच राहणं त्यांना परवडतं, एवढंच. माझे साहेब पहिल्या दोन प्रकारांत आणि थोडे या चौथ्यात होते. मी मात्र सहा वर्षं त्यांना तिसऱ्यात धरून चालले होते. निदान चुकलं की औषधही चुकतं.

हे सगळं सोडून द्यावं, दुर्लक्ष करावं, असंही कुणी म्हणेल. पण दुसऱ्याच्या अपेक्षेचा परिणाम होतो. रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला आणि 1968 मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे एक पंचमांश मुलांची नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, की चाचणीनुसार ही मुलं यंदा झेप घेणार आहेत. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि मोठ्या मुलांत हा परिणाम तितका दिसलाही नव्हता. पण कार्यालयात काम केलेल्या माणसाला त्यामागचं यंत्र ओळखीचं वाटेल. ज्याच्याकडून अपेक्षा, त्याला जरा अवघड काम, चुकलं तर समजावून सांगणं, जमलं तर आणखी एक संधी. ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्याच्या वाट्याला हे काहीच येत नाही, आणि मग तो खरंच मागे पडतो. म्हणून दुर्लक्ष हा उपाय होत नाही.

दुसरी पायरी: त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे का?

ही पायरी कुणालाच आवडत नाही. मलाही आवडली नव्हती. पण ती टाळली तर पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं होतं.

तुमचं काम जवळून पाहिलेल्या, पण तुम्हाला खूश ठेवण्याची गरज नसलेल्या दोन माणसांना विचारा. जिवलग मैत्रीण यात नको, ती हरभऱ्याच्या झाडावर चढवणार. स्पर्धकही नको. आणि 'माझ्याबद्दल तुमचं काय मत आहे?' असं विचारू नका, कारण त्याला 'छानच की!' याशिवाय उत्तर मिळत नाही. प्रश्न कामावर आणि एकाच गोष्टीपुरता ठेवा: "मागचा अहवाल मी दिला, त्यात एकच गोष्ट बदलायची असती तर कोणती?" किंवा "मी बैठकीत बोलते तेव्हा तुमचं लक्ष कुठे सुटतं?" उत्तर येईल तेव्हा खुलासा करत बसायचं नाही. लिहून घ्यायचं, आभार मानायचे, उठायचं.

मला मिळालेलं उत्तर असं होतं: "तुम्ही प्रत्येक मुद्द्याची सुरुवात 'मला नक्की माहीत नाही, पण' अशी करता. आणि आकडे सांगताना तुमचा आवाज खाली जातो." मला राग आला. दोन दिवसांनी मी स्वतःलाच ऐकायला लागले. खरंच होतं. ज्या आकड्यांवर मी तीन-तीन वेळा हात फिरवलेला असायचा, त्यांचीच मी माफी मागत होते. मग ऐकणाऱ्याने त्यांच्यावर का विश्वास ठेवावा?

मत कुणाचं घ्यायचं यालाही महत्त्व आहे. समीर नूरमोहमद यांचं 2020 मधलं संशोधन याच विषयावर आहे. 'तुम्हाला हे जमणार नाही' असं सांगणारा माणूस फारसा भरवशाचा नाही असं वाटलं, तर लोक जिद्दीने चांगली कामगिरी करतात. पण सांगणारा जाणकार वाटला तर तेच वाक्य खच्ची करतं. म्हणून पंचनाम्यातल्या प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहून ठेवा: या कामातलं याला किती कळतं? पद किती मोठं, हा प्रश्न निराळा.

पण जाणकारही चुकतात. 11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत 24 वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेतबटू (इंधन संपून आकसलेल्या) ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे गणित मांडलं. लगेच आर्थर एडिंग्टन उभे राहिले आणि त्यांनी त्या निष्कर्षाची खिल्ली उडवली. एडिंग्टन म्हणजे त्या काळचे या विषयातले सर्वांत मोठे अधिकारी. चंद्रशेखरांनी गणित पुन्हा तपासलं आणि एका सहकाऱ्यामार्फत नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांचं मत मागवलं. दोघांनाही चंद्रशेखरांचं बरोबर वाटलं, पण उघडपणे बोलायला कुणी पुढे आलं नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. खाजगीत 'तुझंच बरोबर' म्हणणारे बैठकीत मूग गिळून बसतात, तेव्हा ते आपल्याच कार्यालयाचं वैशिष्ट्य नसतं. तरीही खाजगीत मिळालेल्या त्या होकाराची किंमत असते, कारण त्याने निदान गणित बरोबर आहे की नाही ते ठरतं. ते ठरल्यावर जग मानायला वेळ लावो.

तिसरी पायरी: नोंदवही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये 'आपल्याला हे जमेल' ही भावना कुठून येते याची मांडणी केली. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः पार पाडलेली कामं, आपल्यासारख्या इतरांना यशस्वी होताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. त्यांतला पहिला सगळ्यात बळकट. गंमत अशी की नेमका तोच आपण विसरतो. मागच्या महिन्यात तुम्ही कोणत्या तीन अडचणी सोडवल्या, असं आत्ता विचारलं तर किती आठवतात? आणि मागच्या महिन्यात कुणी लावलेला टोमणा? तो तोंडपाठ असतो.

म्हणून आठवड्यातून एकदा, शक्यतो शेवटच्या कामाच्या दिवशी, पंधरा मिनिटं काढा. साधी वही चालेल. प्रत्येक नोंदीत अडचण काय होती, मी काय केलं, त्याने काय बदललं आणि हे कुणाला माहीत आहे, एवढं यायला हवं. 'बिलांचं काम वेळेत पूर्ण केलं' ही नोंद फुकट. 'एकाच ग्राहकाला दोनदा बिल जात होतं. कारण शोधलं, जुन्या यादीत ग्राहक क्रमांक दोनदा पडला होता. यादी दुरुस्त केली. पुढच्या दोन महिन्यांत अशी एकही तक्रार नाही. फक्त मला आणि गोदामातल्या एका सहकाऱ्याला ठाऊक' ही खरी नोंद.

ते शेवटचं, 'कुणाला माहीत आहे', माझ्यासाठी डोळे उघडणारं ठरलं. चार महिन्यांच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी 'कुणाला नाही' असं लिहिलेलं. ज्यांना काही दाखवलंच नव्हतं, त्यांनी पाहिलं नाही म्हणून मी रुसले होते.

चुकाही याच वहीत लिहा. फक्त कौतुक भरलेल्या वहीवर आपला स्वतःचाच विश्वास बसत नाही. चूक, ती कशी निस्तरली, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, एवढं पुरे. एक सावधगिरीही सांगते: ही वही तुमची खाजगी आहे, म्हणून तिच्यात ग्राहकांची नावं, करारांचे आकडे, कार्यालयाची गुप्त माहिती उतरवू नका. आणि ती कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नका, नोकरी सुटली की ती तिथेच राहील.

चौथी पायरी: काम दिसू द्या

'काम बोलतं' असं म्हणतात. माझा अनुभव असा की काम मुकं असतं आणि त्याच्या वतीने शेजारच्या टेबलावरचा माणूस बोलतो. आपणच आपली पाठ थोपटून घेणं आपल्याला शिष्टपणाचं वाटतं, तसं वाढवलेलंच असतं आपल्याला. पण माहिती देणं वेगळं आणि बढाई वेगळी. बढाईत 'मी' असतो, माहितीत काम असतं.

दर आठवड्याला वरिष्ठांना तीन ओळींचा निरोप पाठवा, लांब नको. "नमस्कार सर. या आठवड्यात दुबार बिलांचं कारण सापडलं आणि यादी दुरुस्त केली. पुढच्या आठवड्यात परताव्याच्या जुन्या प्रकरणांना हात घालते. त्यासाठी लेखा विभागाकडून मार्चपर्यंतची यादी हवी आहे, आपण एक शब्द टाकलात तर लवकर मिळेल." झालेलं, होणारं आणि हवं असलेलं, प्रत्येकी एक ओळ. शेवटची ओळ महत्त्वाची, कारण तिच्यामुळे साहेबांना तो निरोप वाचावा लागतो. पहिले तीन-चार आठवडे उत्तर येणार नाही. पाठवत राहा. माझ्या बाबतीत दोन महिन्यांनी साहेबांनी वरच्या बैठकीत माझ्याच निरोपातलं वाक्य जसंच्या तसं वापरलं. माझं नाव घेतलं नाही, पण वाक्य माझं होतं. तिथून पुढे नाव येणं सोपं गेलं.

पाचवी पायरी: बैठकीतली वाक्यं

ऐन वेळी सुचत नाही हा स्वभावाचा दोष नाही. तयारी नसते, एवढंच. म्हणून वाक्यं आधी तयार ठेवायची आणि घरी मोठ्याने म्हणून पाहायची. हसू येईल, म्हणा तरी.

मधेच तोडलं तर: "माझं एकच वाक्य राहिलंय, ते पूर्ण करते, मग तुम्ही बोला." आवाज चढवायचा नाही, थांबायचंही नाही. बोलण्याचा वेग उलट थोडा कमी करायचा. घाईत बोलणारा माणूस 'मला लवकर संपवायचंय' असंच सांगत असतो.

आपला मुद्दा दुसऱ्याच्या नावावर गेला तर: "बरोबर, मी मघाशी थकबाकीबद्दल तेच सांगत होते. त्याला जोडून पुढचा भाग असा, की..." हे 'पुढचा भाग' फार कामाचं आहे. नुसती मालकी सांगितली तर भांडण वाटतं. त्यात भर घातली की मुद्दा कुणाचा हे आपोआप सिद्ध होतं, कारण पुढचा भाग ज्याचा मुद्दा त्यालाच ठाऊक असतो.

तुमच्या कामाबद्दलचा प्रश्न दुसऱ्याला विचारला गेला तर: "ते काम माझ्याकडे आहे, मी सांगते." बस. रागाची छटाही नको.

आणि 'मला नक्की माहीत नाही, पण' हे वाक्य ज्यांच्या तोंडी बसलंय, त्यांनी त्याच्या जागी दोन वाक्यं ठेवावीत. माहीत असेल तेव्हा थेट आकडा. नसेल तेव्हा "हे मला बघावं लागेल, उद्या दुपारपर्यंत सांगते", आणि खरंच उद्या दुपारपर्यंत सांगायचं. दुसऱ्या वाक्याने पत जाईल अशी भीती वाटते. दिलेली वेळ पाळली तर ती उलट वाढते.

एकट्याने हे ओढण्यापेक्षा सोबती शोधा. अमेरिकेत बराक ओबामांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी आपसात एक साधा नियम केला होता. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचं नाव घेऊन पुन्हा मांडायचा, म्हणजे तो कुणाचा हे सगळ्यांच्या कानावर पडतं आणि दुसऱ्याला तो उचलता येत नाही. 2016 मध्ये वर्तमानपत्रांत याची चर्चा झाली. हे करायला पद लागत नाही, दोन माणसं लागतात. सुरुवात तुम्ही करा, आज दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्या. आपल्यासारखंच तोंड दाबून बसलेलं कुणीतरी त्या खोलीत असतंच.

सहावी: टोमणे

याला जास्त जागा देत नाही. विनोदाच्या आडून कमी लेखलं तर एकदा, शांतपणे, सरळ चेहऱ्याने विचारायचं: "म्हणजे? मला कळलं नाही." टोमणा समजावून सांगावा लागला की त्यातली हवा जाते. तेच माणूस पुन्हा तसंच बोललं तर चारचौघांत उत्तर देऊ नका, नंतर एकटं गाठून सांगा: "परवा सगळ्यांसमोर तुम्ही असं म्हणालात, मला ते आवडलं नाही. पुन्हा नको." कारणं द्यायची नाहीत. पंचनाम्यात नोंद मात्र ठेवायची.

सातवी: एकच पायरी वरचं काम मागा, आणि आधीचं सोडायची तयारी ठेवा

इथे बहुतेकांची गाडी अडते, माझीही अडली. आपण 'मला मोठं काम द्या' म्हणतो. समोरच्याला ऐकू येतं, 'मला बढती द्या', आणि तो सावध होतो. त्याऐवजी नेमकं काम मागा, नेमक्या मुदतीचं, बिनसलं तरी फार नुकसान होणार नाही असं. "परताव्याच्या भागाची चाचणी तीन आठवड्यांची आहे. ती मी करते. दर शुक्रवारी स्थिती कळवेन. मधेच अडकलं तर पहिल्याच आठवड्यात सांगेन." अशा मागणीला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

मागायला गेल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'सहज विचारायला आले होते' अशी सुरुवात केली की उत्तरही सहजच मिळतं.

पण मागण्याआधी एक गोष्ट करावी लागते. साहेबांच्या जागी बसून पाहा: तुम्ही चाचणीला गेलात तर बिलं कोण करणार? चौथ्या प्रकारची माणसं, सोयीसाठी तुम्हाला धरून ठेवणारी, याच प्रश्नाला घाबरतात. मी इतकी वर्षं स्वतःला अपरिहार्य करून ठेवलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. अपरिहार्य माणसाला कुणी हलवत नाही. मग मी बिलांच्या कामाची चार पानी कार्यपद्धती लिहिली, एका नव्या मुलाला सहा आठवडे शेजारी बसवून शिकवलं, आणि दोन आठवडे त्याने केलेल्या कामाला हातही लावला नाही. हे दुसरं शिकवण्याहून कठीण गेलं. त्यानंतर साहेबांकडे गेले तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं.

काम मिळाल्यावर मोह होतो, सगळ्यांना एकदाच दाखवून द्यायचा. तो आवरा. दुप्पट बिलांची माझी कथा आठवा. इतरांना खोटं पाडायची जिद्द पहिल्या धक्क्यापुरती बरी. रोजचं इंधन म्हणून ती वापरली की आपण पुन्हा त्याच लोकांच्या चेहऱ्याकडे बघत काम करायला लागतो. चंद्रशेखरांनी 1939 मध्ये आपलं सगळं म्हणणं ग्रंथरूपाने मांडलं आणि मग ते दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टनशी त्यांनी स्नेह तोडला नाही. नोबेल पुरस्कार मिळाला 1983 मध्ये. एडिंग्टन 1944 मध्येच गेले होते. त्यांच्या होकाराची वाट बघत बसायचं ठरवलं असतं तर मधली सगळी वर्षं वाया गेली असती.

वाईट दिवस

हे सगळं करूनही काही दिवस असे येतात की लिफ्टमध्ये शिरतानाच खांदे पडतात. त्या दिवसांसाठी तीन छोट्या गोष्टी.

आपली फजिती जितक्या लोकांनी पाहिली असं वाटतं, तितक्यांनी ती पाहिलेली नसते. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. त्याचा अंदाज, जवळपास निम्म्यांनी पाहिलं असेल. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांच्याच ते लक्षात आलं होतं.

अवघड बैठकीआधी मनातल्या मनात स्वतःशी नाव घेऊन बोला, एखाद्या मैत्रिणीला सांगावं तसं: 'अगं, मागच्या वेळी तू हे केलंयस.' ईथन क्रॉस यांच्या 2014 मधल्या प्रयोगांत, 'मी' ऐवजी स्वतःचं नाव वापरून विचार करणाऱ्यांना लोकांसमोर बोलताना कमी ताण आला आणि त्यांचं बोलणंही चांगलं झालं. ऐकायला विचित्र आहे, पण पैसे पडत नाहीत.

आणि नोंदवहीची शेवटची दोन पानं वाचा. आतून आवाज येतो 'तुला काहीच येत नाही', त्याला वाद घालून गप्प करता येत नाही. तारीख दाखवून करता येतं.

कुठवर थांबायचं

सुरुवातीलाच एक मुदत ठरवा आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी वर्षभराची ठरवली होती. त्या काळात मिळणारं काम बदललं का, निर्णयांआधी तुम्हाला विचारलं जातं का, वार्षिक मूल्यमापनातले शब्द बदलले का, हे पाहायचं. मूल्यमापनाच्या आठवडाभर आधी नोंदवहीतल्या ठळक पाच नोंदी एका पानावर लिहून वरिष्ठांना द्या. वर्षभराचं त्यांना आठवत नसतं, शेवटचे दोन महिनेच डोळ्यांसमोर असतात. चर्चेत 'पुढच्या वेळी बघू' असं उत्तर आलं तर नम्रपणे विचारा: "पुढच्या वेळी म्हणजे कधी, आणि तोपर्यंत माझ्याकडून काय दिसायला हवं?" उत्तर लिहून घ्या आणि त्याच दिवशी आभाराच्या निरोपात ते परत कळवा, म्हणजे ते कागदावर राहतं.

पंचनाम्यात दिसणारा प्रकार पूर्वग्रहाचा असेल, म्हणजे लिंग, जात, धर्म, अपंगत्व यावरून संधी नाकारली जात असेल किंवा अपमान होत असेल, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्नच नाही. तिथे स्वतःत सुधारणा करत बसू नका. तारखा, शब्द, साक्षीदार यांसह लेखी तक्रार करा आणि कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्या. तुमचा पंचनामा तिथे कामी येईल.

आणि मुदत संपली, काहीच हललं नाही, तर दुसरीकडे बघणं म्हणजे हार नव्हे. कातालिन कारिको 1985 मध्ये हंगेरीहून अमेरिकेत गेल्या. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवण्याचा निरोप देणारा रेणू, यावरच्या त्यांच्या कामाला अनुदान मिळेना म्हणून 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांची पदावनती केली. त्यांनी काम सोडलं नाही; ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध 2005 मध्ये आला. 2013 मध्ये त्या जर्मनीतल्या बायोएनटेक कंपनीत गेल्या. 2023 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. आपल्याला नोबेल मिळणार नाहीये, ते सोडा. त्यांनी काम धरून ठेवलं आणि खुर्ची सोडली. आपण बहुतेक वेळा याच्या उलट करतो.

मला खुर्ची सोडावी लागली नाही. मुदत संपायला सात आठवडे असताना परताव्याच्या भागाची चाचणी माझ्याकडे आली. ती संपल्यावर साहेब म्हणाले, "अहो, तुम्हाला हे इतकं येतं, मग आधी कधी बोलला का नाहीत?"

मी जागेवर येऊन वही उघडली. पाच वेळा बोलले होते. तारखा होत्या.